जावक

होर्ताच्या बंदर कचेरीत एकतीस वर्षं
वही सांभाळून निवृत्त झालेल्या एर्मेलिंडाबाई
दारातच म्हणाल्या, येतं सगळं. जात काही नाही.
परवा भावजयीचा फोन आला, न्यू बेडफर्डहून:
जिवंत आहेस ना?

मी पाय पुसले. समोर खिडकीत
पिकोचा डोंगर, गळ्यापर्यंत ढगात.
कॉम्प्युटरवर विणलेलं पांघरूण,
ते त्यांनी घडी घालून मांडीवर घेतलं.

चूक दाखवायचा का?
हो, रोज एक चौकट यायची.
मग?
मग काय, माशी हाकलतो तशी हाकलायची.
पत्र तर आउटबॉक्समध्ये दिसायचं.
आउट लिहिलंय म्हणजे गेलंच की.

मी सांगितलं, टपाल आणणारा वेगळा, नेणारा वेगळा.
नेणारा उंबऱ्यातच अडलाय.
हे त्यांना पटकन उमगलं. जन्मभर
डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक.

पंचवीस नंबरचं पोर्ट कंपनीनं बंद केलंय,
चोरटा माल जातो म्हणून.
बंदर बंद, त्या म्हणाल्या,
आणि बोटींना कळवायची रीत नाही?
कळवलं होतं. आवकेतच होतं ते,
न उघडलेलं, चपलांच्या जाहिरातीखाली.

पंचवीस खोडून पाचशे सत्त्याऐंशी लिहिलं.
नवी तक्रार: ओळख पटली नाही.
माझी? या बेटावर?
एका चौकोनात बरोबरची खूण राहिली होती,
ती केली. पासवर्ड त्यांनी कानात सांगितला,
घरात तिसरं कुणी नसताना.

आता हे दाबलं की सगळी जातील, म्हटलं,
एकोणीसच्या एकोणीस, एका दमात.

त्यांनी वायर उपसली.
भिंतीतून, मुळासकट म्हणावी तशी.

पहिलं उघड.

सतरा फेब्रुवारी, रात्री पावणेतीन.
मी डोंगराकडे बघत राहिलो,
पण अक्षरं त्यांच्या डोळ्यांसाठी मोठी केलेली,
एक ओळ दिसलीच:
आईच्या मातीला आला नाहीस, माझ्याही येऊ नकोस.

दुसरं फक्त दोन शब्दांचं. पोचलं का?
तिसऱ्यात काही नव्हतं, नुसतं नाव.
सातव्यात कोबीला लागलेली कीड,
अकराव्यात गुडघा,
चौदाव्यात, मी तेव्हा झोपले नव्हते तीन रात्री.
आणि अधूनमधून डाव्या पानावर त्याचं:
लिहीत का नाहीस गं?
मला वाटलं सोंग घेतोय, त्या म्हणाल्या.

कापेलिन्योसची राख छपरांवर पडली
त्याच्या पुढच्या वर्षी तो बोटीत चढला.
अठराचा होता. मी सात. टोपी माझ्या डोक्यावर ठेवून गेला,
म्हणे नंतर पाठव.
हे त्या मला सांगत नव्हत्या. पांघरुणाला सांगत होत्या.

पहिलं काढून टाकू का? मी विचारलं.
मला वाटलं, मी मदत करतोय.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
जावक क्रमांक एक गाळला
तर दोनला अर्थ काय राहतो?
पोचलं का, काय पोचलं का?
एकतीस वर्षांत एक ओळ खोडली नाही मी,
बुडालेल्या बोटीचीसुद्धा नाही.

वायर त्यांनीच खोचली.
निळी पट्टी सरकायला लागली: एक. दोन.
तीन जाताना त्यांनी उगाच पदर नसलेला खांदा सारखा केला,
कुणाला निरोप द्यायला धक्क्यावर आल्यासारखा.
अठरापर्यंत सुरळीत.

एकोणिसावं अडलं.
आकारानं मोठं आहे, सर्व्हर म्हणाला.
आईचा फोटो होता, शेवटच्या वाढदिवसाचा,
भाच्याच्या नव्या कॅमेऱ्यातला, सुरकुतीन् सुरकुती दिसेल असा.

मग कॉफी आली.
दोघं शेजारी बसून आईला लहान करत राहिलो,
अर्धी, मग पाव,
चेहरा ओळखू येतोय ना,
दर खेपेला विचारत.