तळमजला, नेरुळ

मोबाइलवर ऑरेंज अलर्ट आला
तेव्हा मुंग्या निम्मी भिंत चढून गेल्या होत्या,
प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं.

करावे गावाकडून खाडीचं पाणी
आधी गटारात येतं, मग मोरीत,
आणि पाण्याच्याही आधी घुशी.
यशोधराने मोरीच्या जाळीवर पाटा ठेवला,
वर वरवंटा.
मी सिंकखालच्या भोकात
काचेचा चुरा नि सिमेंट कोंबलं,
खिडकीला मच्छरदाणीचा जुना तुकडा मारला,
खिळे वाकडे.

दाराची चौकट ठोकून पाहिली.
पोकळ वाजली.
वाळवी कुठल्या वादळासाठी थांबत नाही.
"ते दिवाळीनंतर बघू," ती म्हणाली.

नऊला वीज गेली.
रेशनकार्ड, घराची फाईल, पोरीचा इन्हेलर
एका पिशवीत, पिशवीला दोन गाठी,
अंथरूण खांद्यावर,
आणि आम्ही जिना चढू लागलो
भिंतीच्या कडेकडेने, एकामागे एक.

दुसऱ्या मजल्यावर साठ्येवहिनींनी दार उघडलं.
उंबऱ्यावर मुंग्यांच्या खडूची
ताजी, जाड रेघ.

"या ना, या," त्या म्हणाल्या,
"फक्त पाय जरा उचलून टाका.
पुसली जाईल."