रहिवासी की व्यापारी

हत्तुरे चहा पिता पिता फॉर्म भरतात.
घर : आरसीसी. वर पत्र्याची एक खोली.
दत्तनगर, गल्लीला नाव नाही, बोअरच्या समोर.
वापर?
पेन थांबतं.

खाली चार माग, वर आम्ही सहा माणसं.
ठोक्याबरोबर फडताळातल्या वाट्या
एकमेकींवर सरकतात.
पाळण्यात होता तेव्हा माझा पोरगा
माग चालू असले की झोपायचा,
लाइट गेली की दचकून उठायचा.

"रहिवासी लिहू या वहिनी, हप्ता कमी बसेल."
मामंजी भिंतीला टेकून :
"माग लिहा.
उद्या जळलं, तर तुमचा साहेब येणार,
राखेत लोखंडाचे माग उभेच दिसणार त्याला.
मग आम्ही खोटे, आणि घर पण गेलेलं."
हत्तुऱ्यांनी रेघ मारली. दुसरा फॉर्म काढला.
हप्ता वाढला.
अत्तम्मा आतून तेलुगूत काहीतरी बोलल्या,
त्याला फॉर्मात रकाना नव्हता.

आग. वीज पडणे. पूर. भूकंप. दंगल.
मी विचारलं, वीज म्हणजे आपली, महावितरणची?
"नाही, वरची. खालच्या विजेनं आग लागली
तर ती आगीत धरतात."
वाळवी? नाही.
ओल? नाही.
सळया फुगून छताचा गिलावा पडतो, तो?
"एकदम जातं ते बसतं, वहिनी.
हळूहळू जातं ते नाही बसत."

मामंजी खोकले.
चाळीस वर्षांचं सूत आहे त्या खोकल्यात.
हत्तुऱ्यांनी कप खाली ठेवला.

त्या रात्री मी घर पाहिलं
परक्या माणसानं बघावं तसं.
मेन स्विचवर कापसाची लव,
मांजरीच्या पोटासारखी.
वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी, तिसरी माझ्याच हातची.
देवापुढे समई, समईमागे खोकी,
खोक्यांत परवा जायचे टॉवेल.
जिना एकच, आणि जिन्याखाली सिलिंडर.
दाराला आतून कुलूप, किल्ली मामंजींच्या उशाखाली,
चोराच्या भीतीनं.
आगीला किल्ली लागत नाही.
आपल्याला लागते.

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडे.
त्या दिवशी पिंपं काठोकाठ,
मग रोज एक एक वीत खाली,
शेवटी तळाला तांब्याभर, तोही गाळाचा.
लागायचीच असेल आग,
तर पाण्याच्या दिवशी लाग बाई,
असं मी देवाला नाही, पिंपाला म्हटलं.

सकाळी माग बंद असताना कोरड्या कुंचल्यानं बोर्ड झाडला.
वायरमन जिलानी आला, जुनी वायर ओढून काढली,
आपोआप पडणारा स्विच बसवला. पैसे दिवाळीला.
सिलिंडर वर गॅलरीत.
पलीकडच्या बांधकामावरून दोन बादल्या वाळू मागून आणली,
बाळू मुकादम म्हणाला, किल्ला करताय का?
आणि किल्ली दाराशेजारी खिळ्याला,
पोराचा हात पोचेल इतक्या खाली.
मामंजी दोन रात्री जागे होते.
तिसऱ्या रात्री घोरले.

पॉलिसी आली. आकडा बघून अत्तम्मा नाराज :
एवढंच? जागेचे पैसे कुठं आहेत?
फोनवर हत्तुरे म्हणाले, जागा जळत नाही, काकू.

आता कागद ठेवायचा कुठं?
कपाटात, तर कपाट घरातच.
प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून
कुंभारीला गेले, नणंदेच्या घरकुलात.
राजमणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
हजार पुरे व्हायला दोनशे बाकी,
तरी उठली, डबा उघडला,
माझं घर ज्वारीखाली खुपसलं.
मग थोडं थांबून
स्वतःच्या घराचे कागद काढले.
"हे तुझ्याकडे असू दे."

बसमध्ये बसले तिचं घर मांडीवर घेऊन.
खिडकीचा गज हात लावू देत नव्हता.
कंडक्टरला दोनदा विचारलं, किती वाजले?
आज आमच्याकडे पाणी होतं.