शून्य मैलापाशी

मे महिन्यात माझ्या घरात दोन शाळा उतरतात.
एक कोलंबसहून, बहिणीची तिष्या,
बॅगेत प्रमाणपत्र:
वर्गात पाळलेल्या उंदराशी प्रेमानं वागल्याबद्दल.
दुसरी सूचौहून, भावाचा ओजस,
बॅगेत गणिताचा पेपर, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव,
आणि उरलेल्या दोन गुणांबद्दल
आईच्या सहीशेजारी खुलासा.

पाचपावलीत पारा सेहेचाळीस.
कूलरसमोर दोघं पालथी पडून असतात
आणि मी, एकीची मावशी, एकाची आत्या,
महापालिकेच्या शाळेतली चौथी 'ब',
एकोणीस वर्षं एकच फळा पुसत आलेली,
त्यांना चोरून तपासते.

तिष्या लिहिते तेव्हा शब्दांची हाडं मोडतात.
तिची बाई म्हणे ती मोडलेलीच राहू देते,
वर एक चांदणी चिकटवते.
"चूक दाखवली तर मन दुखतं ना, मावशी."
ओजस सकाळी दहाला डोळे मिटून
भुवयांजवळ अंगठे फिरवतो.
शाळेत सगळे एकदम फिरवतात, गाण्यावर,
डोळे फार वापरले जातात म्हणून.
मी विचारलं, पाढे कुठवर?
"नऊ नवे एक्क्याऐंशी. तिथं संपतात."
मला उगाच जिंकल्यासारखं झालं:
आमच्याकडे तिसापर्यंत, वर पावकी, निमकी.
मग आठवलं, माझ्या वर्गात
सतराच्या पाढ्याला निम्मे आवाज गळतात
आणि त्यांचे नुसते ओठ हलत राहतात.

फोनवर बहीण भावाला म्हणते,
पोरगं आहे ते, प्रेशर कुकर नाही.
भाऊ म्हणतो, तुझी पोर मोठी होईल
आणि सुटे पैसे मोजायला माणूस ठेवेल.
मग दोघं मला विचारतात, तू तर मास्तरीण,
तूच सांग.
मी म्हणते, थांबा, दूध उतू चाललं.

एका संध्याकाळी, ऊन जरा मऊ पडल्यावर,
दोघांना शून्य मैलाच्या दगडापाशी नेलं.
ओजसनं फेरी मारून गावं वाचली,
चांदा, शिवनी, जबलपूर, छिंदवाडा, हैदराबाद,
आणि सगळ्या अंतरांची बेरीज
मी पर्समधून रुमाल काढेपर्यंत तोंडी सांगितली.
तिष्या म्हणाली, "पण ही बेरीज कशाची?"
तो गप्प. बेरीज बरोबर होती.
मग तीच, "आणि शून्य इथंच, हे ठरवलं कोणी?
कोणाला विचारून?"
उत्तरासाठी थांबलीही नाही,
दगडी घोड्यांकडे पळाली.

मला क्षितिज टेंभुर्णे आठवला.
तिसरा बाक, शर्टाला एकच गुंडी.
"मॅडम, शून्यानं भागलं तं काय होते?"
दाराशी तपासणीचे साहेब येऊन उभे.
मी म्हटलं, परीक्षेत येत नाही ते. बस खाली.
तो बसला.
इतका नीट बसला
की पुढं वर्षभर उठला नाही.

रात्री गच्चीवर, मी झोपले असं समजून:
"मला सातचा पाढा शिकव. कोणाला सांगू नको."
"शिकवतो. पण आधी तू सांग,
उत्तर येत नसलं तरी तुम्ही
इतक्या मोठ्यानं कसं बोलता?"
ती बराच वेळ काही बोलली नाही.
खाली टँकर आला, बादल्या वाजल्या,
सात चोक अठ्ठावीस त्या गलक्यात बुडालं.

जूनमध्ये एक विमान इकडे, एक तिकडे.
कूलरच्या पत्र्यावर एक चांदणी चिकटून राहिली,
ती मी काढली नाही.

सव्वीस तारखेला शाळा भरली.
अठ्ठेचाळीस डोकी, तेल चोपडलेली.
मी फळ्यावर क्षितिजचा प्रश्न लिहिला,
खडू ठेवला, हात झटकले
आणि उभी राहिले.
पंखा कुरकुरत होता. कोणी हललं नाही.
पाच मिनिटांनी मागून एक हात वर आला,
माझ्या पोटात धस्स झालं.
"मॅडम, उत्तर कधी लिहून देता?
आम्ही एक ओळ सोडून ठेवली."