नवतप्यात सोडा

नवतप्याचा तिसरा दिवस.
कुलरच्या ताट्या पाणी पिऊन पिऊन थकलेल्या.
इंदोऱ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर
नळ उघडला की थेट चहाचंच पाणी येऊन राहिलं.
अशा दुपारी भाचा म्हणाला,
आत्या, सोड्याची कांडी बनव ना.

सोपं वाटलं.
बाटली तशीच फ्रीझरमध्ये आडवी घातली.
साडेतीनला आवाज झाला.
खालचे गजभिये बनियनवर धावत आले, सिलेंडर काय?
म्हटलं, नाही भाऊ, लेमन.
काचा मटारात, काचा मेथीत,
रात्री नऊपर्यंत चिमट्यानं वेचत होते,
आणि प्रबुद्ध मोजत होता, मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी केवलरामानी काका आले
जरीपटक्याहून, कुलरची मोटर भरून घेऊन.
मोटर राहिली दाराशीच.
सदरच्या एका कोल्ड हाऊसात अकरा उन्हाळे
काउंटरच्या पलीकडे उभे होते ते.
पाच सरबतांचे पाच पंप, पितळी मान वाकवलेला एक नळ,
आणि मॅटिनी सुटली की
दोनशे गिऱ्हाईक, चाळीस ग्लास, एक फडकं.
अंगठा अजून वाकडा आहे त्यांचा.
म्हणाले, सोडा गोठत नाही, बेटा, सोडा रुसतो.
त्याला कळू द्यायचंच नाही, आपण कुठं नेऊन राहिलो ते.

मी मेडिकलच्या लॅबमध्ये रक्त मोजते,
माझं सगळं एमएलमध्ये.
त्यांचं अंगठाभर, चिमूटभर,
"एवढं की जीभ विचारेल".
मार्चअखेरची मृगबहाराची संत्री,
रस काढून डब्यात जमवला होता, तो खरवडला.
साखरेचा पाक, मिठाचा कण,
अर्धवट गोठलं की काट्यानं मोडायचं,
पुन्हा आत, पुन्हा मोडायचं,
मग सोडा, भांड्याच्या कडेकडेनं,
झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर घालावी तसा.
वरून सायीचं घट्ट दूध, व्हॅनिलाचे दोन थेंब.
एका ग्लासात गुलाब. एकात जिरं आणि काळं मीठ.
काड्या प्रबुद्धच्या शाळेच्या प्रोजेक्टातल्या,
एकीला अजून पवनचक्कीचा गोंद.

सकाळी काढल्या.
रंग बरोबर, चव बरोबर,
पण नाकात जे चढायचं ते काही चढेना.
काका उजेडाकडे धरून बघत राहिले कांडी.
बर्फात बारीक बारीक पोकळ्या, हजारो,
मोहरीहून लहान.
बुडबुडे गेले होते, घरं तेवढी राहिली होती.
काहून गेले? प्रबुद्धनं विचारलं.
काका काही बोलले नाहीत.
ते कोल्ड हाऊस बंद होऊन
आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात,
हे त्यांनी कालच सांगितलं होतं, मध्येच,
साखर ढवळता ढवळता.

दोन वाजता लाईन गेली.
चाळीस मिनिटं म्हणाले, तीन वाजले, चार वाजले.
फ्रीझरमधून एक थेंब टपकला फरशीवर,
मग दुसरा, आणि मग मोजणं सोडलं.
एकवीस कांड्या.
जिन्यावर हाका मारल्या,
गजभिये आले, त्यांची सून, वरच्या मेश्राम बाई,
मीटर बघायला आलेला पोरगाही.
पण तोवर नुसत्या काड्याच हाती येत होत्या.

मग काका उठले.
स्टीलचे ग्लास ओळीनं मांडले ओट्यावर,
प्रत्येकात एक अर्धी वितळलेली कांडी, काडीसकट,
आणि उरलेल्या दोन बाटल्या
अशा उंचावरून ओतल्या
की फेस काठापर्यंत आला आणि थांबला.
एक थेंब सांडला नाही.
त्यांचा तो वाकडा अंगठा
हवेत काहीतरी ओढत होता, जे तिथं नव्हतं.

मेश्राम बाई शिंकल्या.
चढलं, म्हणाला प्रबुद्ध, आत्या, नाकात चढलं!

काकांनी फडकं मागितलं.
ओटा कोरडाच होता.
तरी त्यांनी तो पुसला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.