कच्चा लिंबू

कन्नमवार नगरात, एकशे चार आणि एकशे पाच नंबरच्या मधे
जी सिमेंटची पट्टी होती
तिचे नियम कुठे लिहिलेले नव्हते.
पाठ मात्र सगळ्यांना होते.
पाण्याच्या टाकीमागे लपायचं नाही.
सुर्व्यांच्या स्कूटरला हात लागला की बाद.
चप्पल तुटली तर टाइम प्लीज, पण मुठीवर फुंकर मारून.
आणि रडीचा डाव खडी.

वाद झालाच तर उर्मिला तांडेल.
अकरा वर्षांची, पुढचा दात अर्धा.
दोन्हीकडचं ऐकायची, नाक ओढायची,
म्हणायची, "डाव पहिल्यापासून."
बास.

ज्याच्यावर पकडायची पाळी, त्याच्यावर राज्य आलं म्हणायचो आम्ही.
राज्य ही शिक्षा असते
हे आम्हाला नागरिकशास्त्राच्या आधी कळलं होतं.

माझ्यावर ते कधीच आलं नाही.
मी कच्चा लिंबू,
दोरीने बांधलेला चष्मा, सगळ्यांत लहान.
मला धरलं तरी धरलेलं नसायचं.
मी जीव खाऊन धावायचे, मागे कोणी नसायचं.
लपायचे, आणि टाकीपलीकडे
पुढचा डाव सुरू झाल्याचा आवाज यायचा.

आता साकीनाक्याला, सहाव्या मजल्यावर,
मी मोबाइलमधला कॅरम बनवते.
नव्या भिडूला पहिल्या दहा डावांत
किती वेळा जिंकू द्यायचं तो आकडा माझा.
समोरचा, जो माणूस वाटतो पण नसतो,
त्याचा नेम कुठल्या सोंगटीला चुकवायचा, तेही.
दस्तूर म्हणतो, जिंकलेली माणसं टिकतात.
आलेख त्याच्या बाजूने आहे.
आलेख नेहमी कोणाच्या तरी बाजूने असतो.

तक्रारी वाचायचं कामही माझंच.
रात्रीचे साडेनऊ, खाली भुर्जीच्या तव्याची खणखण.
तुमचा स्ट्रायकर वाकडा जातो.
माझे हरलेले पॉइंट परत द्या.
समोरच्याला काढून टाका, तो फार चांगलं खेळतो.
शिव्या, दोन ठिकाणी शुद्धलेखन अचूक.
आणि बोंबील_७ नावाचा कोणीतरी:
"मॅडम किंवा सर,
तो मुद्दाम हरतो. तीनदा राणी भोकाच्या तोंडाशी आणून सोडली.
मी लहान आहे, पण एवढा नाही."

मी खुर्ची मागे सरकवली.

त्या संध्याकाळी राज्य उर्मिलावर होतं.
सगळे दिसत असताना ती माझ्या मागे लागली.
खरीखुरी. तिचा श्वास माझ्या मानेवर,
स्कूटरला वळसा, ओल्या फरशीवर पाय सटकला,
आणि पाठीत असा धपाटा बसला की चष्मा लोंबला.
"आउट!"
"अगं, ती कच्ची आहे," कोणीतरी म्हणालं.
उर्मिलाने नाक ओढलं.
"पिकली आता."

मी राज्य तसंच टाकून दोन जिने चढले,
दारातूनच ओरडले, आई, मी आउट झाले!
आई म्हणाली, कोणी मारलं?

स्क्रीनवर आकडा उघडा आहे. शून्य पूर्णांक सात.
तो शून्य केला, फक्त बोंबीलसाठी.
मग वाटलं, एकट्यापुरता बदललेला नियम
म्हणजे वेगळ्या पिशवीतला तोच लिंबू.
सगळ्यांसाठी केला.

उद्या दस्तूर आलेख घेऊन येईल.
तो खोटारडा नाही, त्याचंही ऐकावं लागेल.
माझ्याकडे दाखवायला
पाठीवरच्या पाच बोटांशिवाय काही नाही,
आणि तीही पंचवीस वर्षांपूर्वीची.

बोंबीलला उत्तर लिहिलं:
तुझं बरोबर होतं. आजपासून तो खरा खेळेल.
हरलास तर रडायचं नाही.

शेवटची ओळ खोडली.
रडू दे की.
डाव त्याचा आहे.