पत्ता बावीस

मरोळच्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर.
खाली पावडर कोटिंगची भट्टी,
म्हणून दुपारी तीननंतरचं कुठलंच माप आम्ही खरं धरत नाही.

मार्चमध्ये जुना पीसी गेला
आणि त्याच्यासोबत मीटरशी बोलायची एकुलती वाट.
शेठ म्हणाले, दोन्ही भंगारात घाल.
म्हटलं, मीटर नको.
तो अजून सहाव्या आकड्यापर्यंत खरं बोलतो.

लॅमिंग्टन रोडला कार्ड मिळालं साडेचारशेला,
कुठल्याशा मिटलेल्या लॅबचं,
पाठीवर तिथला नंबर तसाच चिकटलेला.
अंगठ्याएवढी जाड केबल, चोवीस पिना.
या तारांवर एका वेळी एकानेच बोलायचं
आणि सगळ्यात सावकाश ऐकणारा असेल
त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं.
हे कुणी ठरवलं असेल, कोण जाणे. मला आवडलं.

लिनक्सवर ड्रायव्हर बांधायला घेतला.
कर्नल नवा, कोड जुना.
एका फंक्शनचं नावच बदललेलं,
दुसऱ्याला तीनऐवजी आता दोनच गोष्टी पुरतात.
चौथ्या रात्री मॉड्यूल चढलं, कुरकुर न करता.

मग मीटरला विचारलं: तू कोण?
दहा सेकंद. वेळ संपली.
तू कोण?
वेळ संपली.
स्क्रू आवळले. पाठीमागच्या बारीक कळा
सुईने खालीवर केल्या: सोळा, चार, दोन.
पत्ता बावीस, बरोबर.
तू कोण?

साडेअकराला वसईला फोन लावला.
अल्मेडांनी पहिल्या रिंगला उचलला,
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी.
"अगो, तो ब्याऐंशीचा.
नाव विचारायची रीत त्याच्यानंतर आली.
काय मोजलंस, एवढंच विचार.
आणि शेवटी एक्स लिही,
नाहीतर नुसतं ऐकून घेतो, करत काय नाय.
माझ्यासारखा, असं ट्रीझा म्हणायची."

लिहिलं. शेवटी एक्स.
पत्र्याच्या पोटात रिले वाजला, टक्,
आणि पडद्यावर आलं
शून्य दशांश, चार शून्यं, एक, दोन.

त्याला काहीच जोडलेलं नव्हतं.
बारा मायक्रोव्होल्ट, कुठूनसे:
विझलेल्या भट्टीची ऊब,
किंवा टर्मिनलला लागलेलं माझं बोट.

"बोलला काय?"
बोलला.
"मग थांब आता. तासभर तापू दे त्याला.
पहिलं रीडिंग वहीत घ्यायचं नाय."

मी घेतलं.