ओमाण्णा यान बघतो

फर्स्ट शिफ्ट सुटली तसे आम्ही थेट थेटरात,
नखांत काळी वाळू तशीच.
दारातल्या पोरानं चष्मे दिले.
ओमाण्णानं आपला शर्टाच्या टोकानं पुसला,
आणखी काळा केला.

यान आलं.
पडद्यात मावेना एवढं,
पुढच्या रांगेतल्या पोरी खाली वाकल्या.
ओमाण्णा माझ्या कानात,
'हे एका ओतात झालं नसणार.
जोड कुठं लपवलाय बघ की.'

मग तारा फुटला.
आवाज नाही. नुसतं पांढरं.
पॉपकॉर्नचे हात अर्ध्यात थांबलेले
आणि हा एकटा मान हलवतोय,
'रंग चुकला.
एवढं पांढरं झालं की आधी भुवया जळतात.'
त्याला नाहीतच,
एकोणीस वर्षं झाली.

तिथली बाई कसल्याशा घोगऱ्या भाषेत बोलली,
खाली ओळ कन्नडात.
हा चौथी पास, तीही मराठीत.
'काय म्हणतीय?'
'घर किती लांब, विचारतीय.'
'मग सांगा की तिला कुणीतरी!'
जरा मोठ्यानंच म्हणाला.
मागं कुणीतरी हसलं,
कुठल्या भाषेत, कळलं नाही.

परतताना तिसऱ्या गेटाला मालगाडी.
गाडी बंद करून उभे राहिलो.
त्यानं डबे मोजले, अठ्ठावन्न.
वर आभाळात बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेत, भट्टीपाशी,
खिशातून तो चष्मा काढला
(परत केलाच नव्हता)
आणि चढवून
वितळत्या लोखंडात बघत राहिला.
'काय दिसतंय रे?'
'थांब,' म्हणाला,
'येतंय अजून.'